‘करदाता’ या शब्दाची जात

मराठीतील पांढरपेशा लेखनात ‘करदाता’ हा शब्द कोणासाठी वापरला जातो, हे एकदा तपासून पाहण्यासारखे आहे. वृत्तपत्रातील वाचकांची पत्रे, अंदाजपत्रकावरील अग्रलेख, शिष्यवृत्त्यांविरुद्धची लिखाणे, राखीव जागांवरचे वादविवाद या सर्व ठिकाणी हा शब्द एकाच माणसाच्या वाट्याला आलेला दिसतो. हा माणूस प्राप्तिकर भरतो, शहरात राहतो आणि आपल्या पैशावर दुसरे जगतात अशी त्याची पक्की समजूत असते. ‘आमच्या करातून यांची पोरे शिकतात’ हे वाक्य आपल्यापैकी ज्याने कॉलेजच्या वसतिगृहात दिवस काढले त्याने ऐकलेले नाही असे होणार नाही. मी तर ते शिक्षक झाल्यावर शिक्षकांच्या खोलीतही ऐकले.

श्रीमंताने गरिबापेक्षा जास्त कर भरावा काय, असा प्रश्न या लेखनात अधूनमधून येतो. प्रश्न उदारपणे विचारला जातो आणि त्याचे उत्तरही कधी कधी उदार असते. पण त्याच्या पोटात एक गृहीत लपलेले असते, ते असे की गरीब कर भरतच नाही. एकदा हे मान्य केले की श्रीमंताचा जास्तीचा कर म्हणजे त्याचा उपकार ठरतो आणि शिष्यवृत्ती ही भीक ठरते. या गृहीताला मराठी समीक्षेने कधी हात लावला नाही. दलित समीक्षेनेही लावला नाही, आणि माझे भांडण मुख्यतः तिच्याशी आहे. कारण तिच्या घरात या विषयावरचे दोन अस्सल ग्रंथकार आहेत.

मी लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरला शिकवतो. सोयाबीन सोंगून आलेली बाई संध्याकाळी किराणा दुकानात तेल, चहापत्ती, साबण घेते. खाद्यतेलावर शेकडा ५ वस्तू व सेवा कर आहे. चहापत्तीवर तितकाच. अंगाच्या साबणावर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत शेकडा १८ होता, दुसऱ्या दिवसापासून ५ झाला. वेष्टनावर छाप असलेल्या पिठाच्या पिशवीवर १८ जुलै २०२२ पासून कर लागला. दुकानदार तिच्याकडून तो घेतो, सरकारात भरतो, आणि कागदावर करदाता म्हणून त्याचे नाव लागते. तिचे नाव कुठेच लागत नाही.

समजुतीसाठी हिशेब सोपा करू. महिन्याला १०,००० मिळवणारे घर सगळेच्या सगळे खर्च करते. खर्चावर सरासरी शेकडा ५ धरले तर त्याचे ५०० रुपये करात गेले, म्हणजे मिळकतीच्या शेकडा ५. महिन्याला १० लाख मिळवणारा दोन लाख खर्च करतो, उरलेले साठवतो. त्याचे १०,००० गेले, म्हणजे मिळकतीच्या शेकडा १. यावर कोणी म्हणेल, त्याला प्राप्तिकर आहे की! आहे. पगारदार असेल तर वरच्या टप्प्यावर शेकडा ३० आहे, आणि पगारदाराला तो चुकवताही येत नाही. पण तोच पैसा शेअरबाजारात वाढलेला असेल, तर वर्षापलीकडे ठेवून विकलेल्या शेअरच्या नफ्यावर जुलै २०२४ पासून शेकडा साडेबारा एवढाच कर आहे. विकलेच नाही तर तोही नाही. म्हणजे घाम गाळून मिळवलेल्यावर दर चढा आणि बसल्या जागी वाढलेल्यावर उतरता. ही व्यवस्था मनुस्मृतीच्या वळणाची आहे असे मी म्हटले तर मला अतिशयोक्त ठरवतील, म्हणून म्हणत नाही.

आता त्या दोन ग्रंथकारांकडे वळतो. ‘शेतकऱ्याचा असूड’ महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिला. आपल्या समीक्षेने त्यातला संताप उचलला, भटशाहीवरचे प्रहार उचलले, भाषेचा रांगडेपणा उचलला. परंतु असूड हा मुळात हिशेबाचा ग्रंथ आहे. सारा कसा वाढतो, लोकल फंड कोणाकडून वसूल होतो आणि कोणाच्या कामी येतो, जकातीचा बोजा शेवटी कोणाच्या पाठीवर बसतो, याची मोजदाद त्यात आहे. एक वर्ष आधी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे त्यांनी हेच मांडले होते: सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून शिक्षण मिळते वरच्या वर्गांना, जे तिजोरीत जवळजवळ काहीच घालत नाहीत. ‘आमच्या करातून यांची पोरे शिकतात’ हे वाक्य आधी फुल्यांनी उच्चारले आहे, आणि उलट्या दिशेने. वसतिगृहात आम्हाला हे कोणी सांगितले असते तर आम्ही मान खाली घालून ताट धुवायला गेलो नसतो.

दुसरा मजकूर त्याहून अधिक दुर्लक्षित आहे. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, हे आपल्याकडे लहान पोरही सांगते. त्याच्या आदल्याच महिन्यात, फेब्रुवारी १९२७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलले. त्या भाषणाची किती जणांना कल्पना आहे? त्यात त्यांनी प्राप्तिकर आणि शेतसारा शेजारी-शेजारी ठेवून दाखवले. प्राप्तिकर उत्पन्न झाले तरच द्यावा लागतो, ऐपत पाहून आकारला जातो. शेतसारा मात्र पीक येवो वा बुडो, द्यावाच लागतो, आणि एका एकराच्या धन्याला तोच दर, जहागीरदाराला आणि इनामदारालाही तोच दर. गरिबाने किती भरावे याचे सारे माप या तुलनेत आहे. हे बोलणारा माणूस कोण होता? कोलंबिया विद्यापीठात चढत्या दराच्या करावर ग्रंथ लिहिणाऱ्या सेलिग्मनचा विद्यार्थी. १९२५ साली त्याच्या प्रांतिक अर्थव्यवहारावरील प्रबंधाला खुद्द सेलिग्मनने प्रस्तावना लिहिली होती. चरित्रकार ही गोष्ट पदव्यांच्या यादीत घालतात आणि पुढे जातात. पदव्या मोजल्या, प्रबंध उघडला नाही.

भाषण मुंबई इलाख्यापुरते होते हे खरे. सुलतानपूर तेव्हा वऱ्हाडात, म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कारभारात. पण वऱ्हाडातली जमीनमोजणी मुंबईच्याच रयतवारीच्या धर्तीवर झालेली होती, त्यामुळे एकरी आकाराचे ते दुखणे इथल्या माणसाला परके नव्हते.

आणि सारासुद्धा ज्याच्याकडे जमीन त्याचा. ज्याच्याकडे जमीन नव्हती किंवा नावाची होती, त्याच्या कराचे काय? महार वतनाची रचना या दृष्टीने पुन्हा वाचली पाहिजे. वतनाच्या तुकड्यावर जुडी द्यायची, आणि वर सरकारचे टपाल, सामान, वसुलीचा पैसा पोचवायचा, अधिकारी आला की त्याच्या दिमतीला राहायचे, रात्र नाही, दिवस नाही. या नोकरीचा मोबदला सरकार देत नव्हते. तो गावाकडून बलुत्याच्या रूपाने मागून घ्यायचा. १९२८ साली बाबासाहेबांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते यावर. आपण वेठ हा अपमान म्हणून वाचतो, कवितेत तो अपमान म्हणूनच आला. तो अपमान होताच. पण अर्थशास्त्राच्या भाषेत तो कर होता, अंगावर बसवलेला, आणि वर्षाच्या सगळ्या दिवसांवर आकारलेला. ज्याची ऐपत सर्वांत कमी त्याच्यावर दर सर्वांत जास्त. आमच्या आत्मकथनांत येसकराची काठी, रात्री-बेरात्रीचे हेलपाटे, मामलेदाराच्या घोड्याचे गवत हे सारे आहे. त्या पानांची करनोंदवही म्हणून समीक्षा अजून कोणी केलेली नाही. दलित कवितेतील प्रतिमांवर मात्र प्रबंधांच्या राशी पडल्या आहेत.

महाराष्ट्राने एकदा उलट दिशेने प्रयत्न केला होता, तो न्यायाने सांगितला पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात वाढलेल्या रोजगार हमीला पैसा लागत होता, म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा आला. शहरातल्या पगारदाराने, धंदेवाल्याने थोडे द्यायचे आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला मागेल तेव्हा काम मिळायचे. १९७७ साली हमीचा कायदा झाला. सधनाने निर्धनासाठी कर द्यावा हे तत्त्व इतक्या स्वच्छपणे देशात क्वचितच कुठे कायद्यात उतरले असेल. पुढे २००५ साली केंद्राने कायदा केला त्याची वाट या राज्याने घालून दिली.

पण याच कराच्या मर्यादेत विषमतेने घर केले. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाप्रमाणे व्यवसाय कराला माणशी वर्षाची कमाल मर्यादा आहे. ती आधी २५० रुपये होती, १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीने २,५०० झाली आणि तिथेच गोठली. माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये जातात, फेब्रुवारीत ३००. शाळेच्या शिपायाच्या पगारातूनही तेवढेच. मुंबईतल्या एखाद्या कंपनीच्या कोट्यधीश संचालकाचेही तेवढेच, एक रुपया अधिक नाही. महिना दहा हजारांच्या वर गेला की आमच्यात आणि त्यांच्यात पूर्ण समता! समतेचा इतका काटेकोर अंमल या देशात दुसरीकडे आढळत नाही.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र टाळता येत नाही. सत्तरीच्या दशकात प्राप्तिकराचा वरचा दर अधिभारासह शेकडा ९७.७५ पर्यंत गेला होता. श्रीमंती संपली नाही, काळा पैसा वाढला. १९७१ च्या वांछू समितीने चढ्या दरांकडेच बोट दाखवले. तेव्हा नुसता आकडा चढवून काही होत नाही, हे मी मान्य करतो. पण दर उतरवताना काय काय उतरवले ते पाहा. वारशावर बसणारा संपदा शुल्काचा कर १९५३ साली आला, १९८५ साली गेला. संपत्ती कर १९५७ साली आला, २०१५ च्या अंदाजपत्रकाने गेला. दोन्ही वेळी कारण एकच: वसुली थोडी, खटाटोप मोठा. मिठाच्या करालाही खटाटोप मोठाच होता. तरी १९२३ साली कायदेमंडळ नको म्हणत असता व्हाइसरॉयने आपल्या अधिकारात तो दुप्पट केला. खटाटोपाचे कारण गरिबाच्या बाबतीत कधी आडवे येत नाही.

वारसा हा शब्द आपल्यासाठी साधा नाही. या देशात जात वारशाने मिळते, आणि जमीन, वाडा, शेअर, ओळखी यादेखील. वारशाला करमुक्त ठेवणारे राज्य आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर चार-चार दाखले मागणारे राज्य एकच आहे. ‘गुणवत्ता’ या विषयावर लिहिणाऱ्या मराठी लेखकांनी १९८५ सालाबद्दल एक ओळ लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

शेवटचा मुद्दा घरातला आहे, त्यामुळे अडचणीचा. १८८६ च्या कायद्यापासून शेतीचे उत्पन्न केंद्राच्या प्राप्तिकराबाहेर आहे. १९७२ साली के. एन. राज समितीने मोठ्या धारणांवर कर सुचवला, तो कागदावर राहिला. असूडात कुणबी एकच आहे, कष्टाने पिचलेला. आज त्या कुणब्याच्या नावाआड शंभर एकरांचा बागाईतदार आणि फार्महाऊसवाला पुढारीही उभा आहे, आणि त्याच्या शेतात राबणारी बाई साबणावर कर देते आहे. फुल्यांचा ग्रंथ आज वाचताना हा भेद आपण करायला हवा. तो केला नाही तर असूड त्याच्याच हातात जाईल.

आमच्या गावातल्या वाचन मंडळात मी हे बोललो तेव्हा दोघे जण नाराज झाले. दोघांचीही शेती आहे, एकाची चार एकर कोरडवाहू. त्याच्यापर्यंत असला कर पोचूच शकत नाही हे मी त्याला समजावले. तो म्हणाला, “सर, साराही आधी मोठ्यांनाच होता असं सांगत असतील.” त्याची भीती खोटी नाही; एका एकराला आणि इनामदाराला एकच दर लावणाऱ्या सरकारची आठवण घराघरात मुरलेली आहे. १९२७ चे ते भाषण मी त्याला वाचायला दिले आहे. पुढच्या बैठकीत तो त्यावर बोलणार आहे, आणि माझ्या बाजूने बोलेल याची मला खात्री नाही.