अभिप्रायाची वही

समीक्षा करावी तर अशा पुस्तकाची, की ज्याचे लेखक एकमेकांना ओळखत नाहीत, मानधन मागत नाहीत आणि आपलं परीक्षण वाचून भांडायलाही येत नाहीत. असं एक पुस्तक मला काशीद आणि मुरूडच्या दरम्यान, एका वाडीतल्या घरगुती राहण्याजेवण्याच्या सोयीत सापडलं. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीचं, पानापानावर माशांच्या तुकड्यांचा वास. शीर्षक : 'अभिप्राय'.

आम्ही तिथं विश्रांतीसाठी गेलो होतो. म्हणजे सौ.नं तसं जाहीर केलं होतं. पुढ्यात समुद्र, पाठीशी फणसाडचं जंगल. एके काळचं हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. १९८६ साली अभयारण्य झालं. पहिल्याच सकाळी शेकरू बघायला म्हणून दोन तास मान वर करून हिंडलो. शेकरू हा आपला राज्यप्राणी. तेव्हा सरकारी माणसाइतकाच तोही भेटायला कठीण असणार, हे मी आधीच ओळखायला हवं होतं. मान आखडली. मग करायला दुसरं काही उरलं नाही, म्हणून वही उघडली.

या ग्रंथात तीन संप्रदाय आढळतात. पहिला कौतुकवाद्यांचा. 'घरच्यासारखं वाटलं' हे वाक्य मी मोजलं, सतरा वेळा आलंय. पैकी एकानं खाली लिहिलंय, 'चहा मागितल्याबरोबर मिळाला.' कसल्या घरात राहतात हो ही माणसं?

दुसरा संप्रदाय कवींचा. यांना समुद्र निळाशार दिसतो. मला तो चार दिवस मातकट दिसला. पण मी चष्मा लावतो.

तिसरा आणि सर्वांत जोरकस संप्रदाय सूचनाकारांचा. 'शेकरू दाखवण्याची व्यवस्था नाही.' 'लाटांच्या आवाजानं झोप होत नाही.' आणि एका जागी : 'कोंबडा पहाटे साडेचारला ओरडतो. बंदोबस्त व्हावा.' पुढचं पान उलटावं तर दुसऱ्या हस्ताक्षरात : 'कोंबडीचा रस्सा अप्रतिम!' या दोन ओळींच्या मधे एका नायकाची शोकांतिका आहे, आणि ती न लिहिता लिहिली गेलीय. एवढा संयम आमच्या नामवंत कथाकारांना जमत नाही.

मीही तिसऱ्याच संप्रदायातला निघालो. दुपारचं ऊन खोलीवर तापत होतं. पेन काढलं आणि लिहिलं : 'वाडीत सावली फारच कमी. झाडे लावावीत.' खाली झोकदार सही.

रात्री जेवताना काकू सोलकढी वाढत होत्या. मालकांनी वही पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली.

"बरोबर लिहिलंत," ते म्हणाले. "लावलीत झाडं. वेळ लागतोय एवढंच."

सकाळी त्यांनी मागं नेऊन दाखवलं. केळींच्या आडोशाला सुपारीची रोपं उभी होती, जेमतेम माझ्या उंचीची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आणि आजोबांच्या हातची अख्खी वाडी काही तासांत आडवी झाली. सुपारी फळायला पाचसहा वर्षं, माडालाही तेवढीच. तोवर खायचं काय? म्हणून मग सुपाऱ्या साठवायच्या जागेत त्यांनी पलंग टाकले, नि रस्त्यावर पाटी लावली. मी ज्या खोलीत सावलीची तक्रार लिहिली, ती खोली त्या गेलेल्या सावलीमुळेच भाड्यानं मिळत होती.

"लोक लिहितात ते चांगलंच असतं," मालक म्हणाले. "आमच्या घरात बाहेरचं माणूस पैसे देऊन झोपेल, हे वडिलांना ऐकवलं असतं तर त्यांनी मलाच बाहेर झोपवलं असतं."

पुस्तक हातात आलं की ते कुठल्या दिवसांत लिहिलं गेलं हे आधी विचारावं, असं मी इतरांना नेहमी सांगत आलोय. स्वतः मात्र थेट शेवटच्या पानावर सही ठोकून मोकळा झालो.

निघताना वही पुन्हा मागितली. पान फाडावं म्हटलं, तर पानांवर आकडे घातलेले. शेवटी खाली एवढंच लिहिलं : 'सूचना मागे घेतो. सावली झाली की पुन्हा येऊ. नाही झाली तरी येऊ.'

सौ.नं माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्याखाली लिहिलं, 'घरच्यासारखं वाटलं.'

अठरा.