किशोरवयीन मनोरुग्णांतील आत्महत्येचे जोखीमघटक : एका रूढ यादीची चिकित्सा

किशोरवयीन मुलामुलींच्या आत्महत्येविषयी लिहिताना जोखीमघटकांची यादी देण्याची प्रथा संशोधनपर लेखनात दृढ झाली आहे. पूर्वीचा प्रयत्न, नैराश्य, हताशा, व्यसन, कौटुंबिक कलह, अत्याचाराचा अनुभव हे घटक त्या यादीत हमखास आढळतात. यादी चुकीची नाही. सर्वसामान्य मुलांमध्ये कोणाकडे अधिक लक्ष द्यावे, हे ती सांगू शकते. परंतु मानसोपचार विभागात दाखल झालेल्या मुलांना ती लावली की तिची धार बोथट होते. तेथे यादीतील दोन-चार घटक बहुतेक प्रत्येक मुलात असतातच. ज्या खुणांमुळे मूल रुग्णालयात आले, त्याच खुणांनी तेथील मुलांमध्ये भेद करू पाहणे हा या लेखनातील मूलभूत तर्कदोष होय.

हा दोष नव्याने उघड झालेला नाही. अमेरिकेतील अलेक्स पोकोर्नी यांनी १९८३ मध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयातील ४,८०० मनोरुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. अधिक धोक्याचे ठरवलेल्या ८०३ रुग्णांपैकी ३० जणांनी आत्महत्या केली. एकूण आत्महत्या ६७ होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यू 'कमी धोक्याच्या' गटात घडले. ते रुग्ण प्रौढ होते हे खरे. पण गणित वयानुसार बदलत नाही. समजा, १,००० रुग्णांत पाच जणांना खरा धोका आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे. ती पाचांपैकी चौघांना ओळखेल, पण सोबत १९९ जणांवर विनाकारण शिक्का मारील. जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ५० वर्षांतील ३६५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जोखीमघटकांवरून केलेले भाकीत निव्वळ योगायोगापेक्षा किंचितच सरस ठरले.

मग घटक शोधूच नयेत काय? असा निष्कर्ष घाईचा ठरेल. उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्त किशोरांवरील दोन अभ्यास येथे महत्त्वाचे आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांपैकी एक अमेरिकेतील, तर दुसरा ब्रिटनमधील होता. मरण्याच्या हेतूविना स्वतःला इजा करण्याचा इतिहास हा पुढील प्रयत्नाचा ठळक सूचक असल्याचे दोन्हींत दिसले. अमेरिकन अभ्यासात तर तो आत्महत्येच्या पूर्वीच्या प्रयत्नापेक्षाही अधिक प्रभावी ठरला. ब्रिटिश अभ्यासात बिघडलेले कौटुंबिक संबंधही स्वतंत्र सूचक ठरले. ज्या वर्तनाची 'लक्ष वेधण्यासाठी केलेले नाटक' म्हणून सर्रास बोळवण होते, तेच सर्वांत बोलके निघावे, ही बाब शिक्षक, पालक आणि काही प्रमाणात डॉक्टरांनाही अस्वस्थ करणारी आहे.

दुसरा प्रश्न भाषेचा. मापनश्रेण्या बहुधा इंग्रजीत घडल्या आहेत. त्यांच्या शब्दशः अनुवादातील 'आत्महत्येचे विचार येतात का?' या प्रश्नाला मराठी मुलगी 'नाही' म्हणेल आणि पुढच्याच वाक्यात 'जीव नकोसा झालाय', 'कुठेतरी निघून जावंसं वाटतं' असे सांगेल. उलट 'जीव देईन' हे घरातल्या भांडणातले नेहमीचे वाक्यही असते. शिवाय आई-वडील शेजारी बसलेले असताना दिलेल्या उत्तराला कितपत पुरावा मानावे? पूर्वीचा प्रयत्न तर घरचेच दडवतात, कारण भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ची भीती दीर्घकाळ मनात होती. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ने असा प्रयत्न तीव्र ताणाखाली झाल्याचे गृहीत धरले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत ३०९ सारखे सरसकट कलम उरले नाही. कायदा बदलला, तरी केसपेपरवर मात्र 'चुकून औषध घेतले' असेच लिहिले जाते. अशा नोंदींवर उभारलेल्या संशोधनात सर्वांत महत्त्वाचा घटकच गहाळ असण्याचा संभव राहतो.

यादीत सहसा नसलेला घटक म्हणजे काळ. मनोरुग्णालयातून घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आत्महत्येचे प्रमाण सर्वाधिक असते, हे २०१७ मधील १०० अभ्यासांच्या आढाव्यात स्पष्ट झाले. त्या काळात मुलाचे निदान बदलत नाही; भोवतालची माणसे, शाळा, परीक्षा आणि एकाकीपण मात्र बदलते. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात मापनश्रेण्यांवरून भावी आत्महत्येचे भाकीत करू नये, रुग्णांची उच्च-मध्यम-निम्न अशी वर्गवारी करू नये आणि त्यावरून उपचार नाकारू नयेत, असे बजावले. भर गरजेवर दिला. 'धोका कमी' असा शेरा मारून मुलाला घरी पाठवणे म्हणूनच शास्त्रीय नव्हे, केवळ सोयीचे आहे. त्या शेऱ्याच्या जागी चार साध्या नोंदी हव्यात : घरातील औषधे आणि कीटकनाशके कोणाच्या कुलपात आहेत, मन उसळले तर मूल प्रथम कोणाशी बोलेल, रात्री-अपरात्री 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक त्याला ठाऊक आहे काय, आणि पहिली फेरभेट कोणत्या तारखेला आहे.