‘हाताळणी’चा कौल : युद्ध, दहशतवाद आणि जनमत-चाचणीची भाषा

१

अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कारकीर्दीविषयी दोन आकडे नेहमी एकमेकांशेजारी मांडले जातात. सप्टेंबर २००१ च्या २१ व २२ तारखांस गॅलप संस्थेने घेतलेल्या चाचणीत शंभरांपैकी ९० नागरिकांनी त्यांना अनुकूल असे उत्तर दिले. त्या संस्थेच्या इतिहासात कोणत्याही अध्यक्षास याहून अधिक मान्यता मिळालेली नव्हती. ऑक्टोबर २००८ मध्ये हाच आकडा २५ वर आला. या दोन आकड्यांमध्ये अफगाणिस्तानातील युद्ध, इराकवरील स्वारी आणि अखेरीस आर्थिक अरिष्ट असा सात वर्षांचा काळ आहे. यावरून काढण्यात येणारा निष्कर्षही ठरलेला आहे : लोक चंचल असतात, आज ज्याला डोक्यावर घेतात, त्यालाच उद्या पायदळी तुडवितात.

प्रस्तुत लेखाचा हेतू या निष्कर्षाची भाषिक बाजूने तपासणी करण्याचा आहे. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी या आकड्यांची पुष्कळ चिकित्सा केली आहे. तीत भर घालण्याचा अधिकार भाषाशास्त्राच्या अध्यापकास नाही. परंतु आकडा हे उत्तर आहे, उत्तराच्या मागे प्रश्न आहे, आणि प्रश्न हे एक वाक्य आहे. वाक्य आले की आमचा अधिकार सुरू होतो. ‘लोकांचे मत बदलले’ असे म्हणण्यापूर्वी लोकांनी कोणत्या वाक्याला होकार दिला आणि कोणत्या वाक्याला नकार दिला, हे पाहणे अगत्याचे आहे.

२

गॅलपच्या ज्या प्रश्नावरून अध्यक्षांची मान्यता मोजली जात असे, त्याचा आशय असा : अध्यक्ष आपले काम ज्या रीतीने हाताळीत आहेत, ती आपणांस मान्य आहे की अमान्य? प्रश्न साधा दिसतो. वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत विचारला गेल्यामुळे ट्रुमनपासूनच्या अध्यक्षांची तुलना त्याच्या आधारे करता येते. हा त्याचा मोठा गुण होय. पण शब्द स्थिर राहिले म्हणून अर्थ स्थिर राहतो असे नाही.

सप्टेंबर २००१ चे उदाहरण घ्यावे. हल्ल्याच्या आधल्याच दिवशी संपलेल्या चाचणीत बुश यांची मान्यता ५१ होती. पुढील दोन आठवड्यांच्या आत ती ९० झाली. या अवधीत अध्यक्षांनी नेमके काय ‘हाताळले’ होते? अफगाणिस्तानवरील हल्ले सुरू झाले ते ७ ऑक्टोबरला. २० सप्टेंबरला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांपुढे त्यांनी भाषण केले आणि ‘दहशतवादाविरुद्धचे युद्ध’ पुकारले, हे खरे. परंतु ज्या युद्धाचा पहिला बार अजून उडावयाचा होता, त्याच्या हाताळणीविषयी ९० टक्के लोकांनी मत बनविले असेल, असे मानणे कठीण आहे.

याचा उलगडा मताच्या परिभाषेत होत नाही. तो भाषिक कृतीच्या परिभाषेत होतो. ऑस्टिन या तत्त्वज्ञाच्या व्याख्यानांचे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नसून स्वतःच एक कृती घडवितात, हा त्यातील विचार आता सर्वपरिचित आहे. घरात मृत्यू झाला असता भेटावयास आलेला मनुष्य जे बोलतो, ते माहिती देण्यासाठी नसते. तो आपण सोबत असल्याचे सांगत असतो. सप्टेंबर २००१ मधील ‘मान्य’ हे उत्तर या जातीचे होते. त्यातून मूल्यमापन व्यक्त झाले नाही, सोबत व्यक्त झाली. जॉन म्यूलर यांनी १९७० साली लिहिलेल्या एका निबंधात, राष्ट्रावर संकट येताच जनता ध्वजाभोवती एकवटते आणि अध्यक्षांची मान्यता वाढते, हे आकड्यांनी दाखविले होते. त्याला आम्ही एवढेच जोडू इच्छितो की, अशा वेळी केवळ मत वाढत नाही. त्याच शब्दांनी विचारलेला प्रश्नच वेगळा झालेला असतो.

या दृष्टीने पाहिल्यास ९० वरून २५ पर्यंतचा प्रवास हा चंचलतेचा पुरावा ठरत नाही. आरंभीचे उत्तर एका प्रश्नाचे होते, शेवटचे दुसऱ्याच. थोरल्या बुश यांचा अनुभवही असाच आहे. आखाती युद्धाच्या विजयानंतर १९९१ च्या आरंभी त्यांची मान्यता ८९ होती. १९९२ च्या उन्हाळ्यात ती २९ वर आली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ते निवडणूक हरले. लोक युद्ध विसरले असे नव्हे. प्रश्नातील ‘काम’ या शब्दाखाली आता त्यांना युद्धाऐवजी रोजगार दिसू लागला होता.

३

‘काम’ हा शब्द असा सैल आहे, म्हणून चाचणी घेणाऱ्या संस्था विषय तोडून विचारतात : दहशतवादाविरुद्धच्या मोहिमेची हाताळणी कशी वाटते? इराकमधील परिस्थितीची हाताळणी कशी वाटते? येथे नामांची निवड लक्षात घेण्याजोगी आहे. एकीकडे ‘मोहीम’ आहे, दुसरीकडे ‘परिस्थिती’. मोहीम कोणी तरी काढतो. तिला नेता असतो, दिशा असते. परिस्थिती उद्भवते, तिला कर्ता नसतो. २००४ पासून पुढे बुश यांना पहिल्या प्रश्नावर सातत्याने अधिक आणि दुसऱ्यावर कमी मान्यता मिळत गेली. याचे मुख्य कारण इराकमधील रक्तपात हेच होय. केवळ नामांच्या फरकाने एवढे अंतर पडले, असा आमचा दावा नाही. परंतु दोन वस्तू वेगळ्या आहेत की एकच, हा त्या काळातील मुख्य राजकीय वाद होता, आणि प्रश्नपत्रिकेने त्या वादात न कळत बाजू घेतली होती, हे नाकारता येणार नाही. दोन प्रश्न विचारणे म्हणजे दोन वस्तू मानणे.

शासनाची भूमिका याच्या उलट होती. इराक ही दहशतवादाविरुद्धच्या युद्धाचीच एक आघाडी आहे, असे ते सांगत होते. ऑगस्ट २००३ मधील वॉशिंग्टन पोस्टच्या चाचणीत, अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यांत सद्दाम हुसेन यांचा स्वतःचा हात असणे संभवनीय आहे, असे ६९ टक्के लोकांनी सांगितले. पुढील महिन्यात खुद्द बुश यांनीच असा पुरावा नसल्याचे मान्य केले. या आकड्याचा उल्लेख बहुधा ‘६९ टक्के लोक असे मानत होते’ अशा शब्दांत होतो. वस्तुतः ‘बराच संभव’ आणि ‘थोडासा संभव’ या दोन उत्तरांची ती बेरीज आहे. ‘थोडासा संभव आहे’ म्हणणारा आणि ‘मानणारा’ यांत जे अंतर आहे, ते व्याकरणाच्या पहिल्या इयत्तेतील विद्यार्थ्यासही ठाऊक असते. बेरीज करताना क्रियापदाचा अर्थ बदलून गेला, आणि तो कोणी बदलला हे कोणाच्या लक्षात आले नाही. ऑगस्ट २००६ पर्यंत मात्र निम्म्याहून किंचित अधिक लोक इराकचे युद्ध आणि दहशतवादाविरुद्धचा लढा यांना स्वतंत्र मानू लागले होते. लोकांनी दोन नामांची जोडी सोडविली. असे करावयास चंचलता नव्हे, विचार लागतो.

सर्वांत बोलके उदाहरण जानेवारी २००३ मधील, म्हणजे स्वारीच्या दोन महिने आधीचे आहे. सद्दाम यांची राजवट संपविण्यासाठी इराकमध्ये लष्करी कारवाई करावी काय, असे प्यू संस्थेने विचारले असता ६८ टक्के लोक अनुकूल व २५ टक्के प्रतिकूल होते. त्याच प्रश्नात ‘अमेरिकन सैन्यातील हजारो सैनिक हताहत होण्याचा संभव असला तरीही’ एवढी पुरवणी जोडताच अनुकूल ४३ आणि प्रतिकूल ४८ झाले. एका गौण वाक्याने बहुमताचे अल्पमत केले. यांपैकी जनमत कोणते? आमच्या मते दोन्ही. पहिल्या वाक्यात युद्धाचे फल सांगितले आहे, मोल सांगितलेले नाही. दुसऱ्यात दोन्ही आहेत. शासनाने ज्या जनमताचा आधार घेतला, ते पहिल्या वाक्याचे होते. युद्ध घडले ते मात्र दुसऱ्या वाक्याप्रमाणे.

४

युद्ध सुरू झाल्यावर विचारावयाचा गॅलपचा प्रश्न निराळा आहे. त्याचा आशय : आपण प्रथम इराकमध्ये सैन्य पाठविले तेव्हापासूनच्या घडामोडी लक्षात घेता, अमेरिकेने सैन्य पाठविण्यात चूक केली असे आपणांस वाटते, की नाही? कोरिया व व्हिएतनामच्या वेळीही या धर्तीचा प्रश्न विचारला गेला होता. ऑगस्ट १९६५ मध्ये व्हिएतनामविषयी ‘चूक’ म्हणणारे २४ टक्के होते. ऑगस्ट १९६८ मध्ये ते ५३ झाले. इराकविषयी मार्च २००३ मध्ये २३, जून २००४ मध्ये ५४ आणि एप्रिल २००८ मध्ये ६३. व्हिएतनामला तीन वर्षे लागली, तेथे इराकला सव्वा वर्ष पुरले.

या वाक्यात तीन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली, ‘घडामोडी लक्षात घेता’ हा आरंभ. निर्णय भूतकाळातील, पण त्याचा न्याय आजच्या ज्ञानाने करावयास सांगितले आहे. दुसरी, चुकीचा कर्ता ‘अमेरिका’ आहे, अध्यक्ष नव्हे. तिसरी, ‘आपण’ हे सर्वनाम. विचारणारा आणि सांगणारा दोघेही सैन्य पाठविणाऱ्यांत सामील आहेत. म्हणजे ‘चूक’ म्हणणाऱ्याला नेत्याविरुद्ध साक्ष देता येत नाही. स्वतःविरुद्धच द्यावी लागते. तरीही ६३ टक्के लोकांनी ती दिली, यातच त्या आकड्याचे वजन आहे.

म्यूलर यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात कोरियन युद्धाविषयी असेच एक निरीक्षण नोंदविले आहे. प्रश्नात ‘कम्युनिस्टांचे आक्रमण थोपविण्यासाठी’ असे शब्द आले की युद्धाचा पाठिंबा पुष्कळच वाढे. कम्युनिझमची जागा पुढे दहशतवादाने घेतली. शत्रूचे नाव प्रश्नात घालणे ही माहिती नसते. तो एक हेतू असतो.

५

हा विषय परक्या देशाचा म्हणून सोडून देता येत नाही, याचे कारण मराठीतच आहे. अमेरिकन चाचण्यांचे आकडे आपल्याकडे छापले जातात तेव्हा ‘मान्यता’ या अर्थाच्या मूळ शब्दासाठी बहुधा ‘लोकप्रियता’ हा शब्द येतो. प्रियता हा भाव आहे. मान्यता हा निवाडा आहे. एखादा मनुष्य अप्रिय असूनही त्याची कृती मान्य असू शकते. एका शब्दाने न्यायाधीशाचा चाहता करून टाकला.

‘हाताळणे’ हे क्रियापदही विचार करण्याजोगे आहे. मराठीत त्याचा रूढ अर्थ हाताने स्पर्श करणे, चिवडणे हा होय. ‘वस्तू हाताळू नयेत’ ही पाटी सर्वांनी पाहिली आहे. प्रसंगाच्या संबंधात आलेला अर्थ इंग्रजीच्या अनुकरणाने रुळला असावा. आपली भाषा अशा वेळी ‘प्रसंग निभावणे’ म्हणते. पण निभावण्यात यश गृहीत आहे. ‘कामगिरी’ म्हणावे तर तो शब्द स्तुतीकडे झुकतो. ‘कारभार’ म्हणावे तर ‘हा काय कारभार?’ असा सूर लागतो. तटस्थ शब्द सहजासहजी सापडत नाही.

‘चूक केली’ आणि ‘चूक झाली’ यांतील भेद तर याहून सूक्ष्म आहे. पहिल्यात कर्ता तृतीयेत उभा राहून दोष पत्करतो. दुसऱ्यात दोष जणू आपोआप घडतो. ‘त्यांची चूक झाली’ म्हणणारा मनुष्य अर्धी क्षमा करून बसलेला असतो. ‘आम्ही’ की ‘आपण’ ही निवड इंग्रजीत करावीच लागत नाही. मराठीत ती टाळता येत नाही. शिवाय ‘आपण सैन्य पाठविले’ हे वाक्य आदरार्थी द्वितीयपुरुषी समजले गेल्यास सारा दोष उत्तर देणाऱ्यावरच! ‘माहीत नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ ही उत्तरेही एका रकान्यात टाकणे बरोबर नव्हे. पहिले अज्ञान आहे, दुसरे कधी संकोच असतो, तर कधी भीती.

भारतात चाचण्या अनेक भाषांतून होतात. एकाच प्रश्नाची मराठी, तमिळ, बंगाली रूपे करून त्यांची उत्तरे एकत्र मिळविली जातात. प्रत्येक भाषांतर हा नवा प्रश्न आहे, ही जाणीव या कामात भाषाशास्त्रज्ञाला स्थान दिल्यावाचून टिकणार नाही. सीमेवरील युद्ध किंवा दहशतवादी हल्ला यांच्या वेळी नेत्याविषयी विचारलेल्या प्रश्नांत तर ती विशेष हवी. कारण त्या आकड्यांवर पुढील पावले टाकली जातात.

६

यावर एक आक्षेप येईल. शब्दांनी एवढा फरक पडत असेल, तर चाचण्या निरर्थकच म्हणाव्यात काय? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिय यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात, जनमत नावाची वस्तूच अस्तित्वात नाही, असे प्रतिपादन केले. चाचणीने गृहीत धरलेल्या अर्थाने नाही, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले होते. तरीही आम्हांस हे टोक मान्य नाही. डोनल्ड रग यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी काय’ असे विचारता, मत देणाऱ्यांपैकी ७५ टक्के ‘देऊ नये’ म्हणाले. ‘बंदी घालावी काय’ असे विचारता ५४ टक्केच ‘घालावी’ म्हणाले. याचा अर्थ लोकांना मत नव्हते असा नाही. परवानगी न देणे ही उपेक्षा आहे, बंदी घालणे हा हस्तक्षेप आहे. पुष्कळांना पहिले पटत होते आणि दुसरे पटत नव्हते. शब्दांतला भेद लोकांनी बरोबर ओळखला होता. तो ओळखला नाही, तो आकडा वाचणाऱ्यांनी.

तेव्हा दोष लोकांच्या चंचलतेकडे नाही, आणि सर्वस्वी चाचणीकडेही नाही. एकाच शब्दांत वारंवार विचारलेल्या प्रश्नाचा चढउतार खरा असतो. २००४ साली बुश पुन्हा निवडून आले आणि २००६ साली काँग्रेसची दोन्ही सभागृहे त्यांच्या पक्षाच्या हातून गेली, या घटना त्या चढउताराशी विसंगत नाहीत. दोष आहे तो वाक्य गाळून आकडा तेवढा उचलण्याच्या सवयीत. नेता ९० टक्क्यांचा हवाला देतो तेव्हा त्याला विचारले पाहिजे : कोणत्या वाक्याचे ९०? सोबत देणाऱ्या नागरिकाने सनद दिली असे समजणे ही अर्थनिर्णयातील चूक आहे, आणि युद्धाच्या बाबतीत अशा चुकीची किंमत वाक्य रचणाऱ्याला नव्हे, सैनिकाला आणि ज्याच्या भूमीवर युद्ध होते त्या प्रजेला द्यावी लागते. आकड्याबरोबर प्रश्नाचे शब्द, त्याची तारीख आणि त्याची भाषा छापण्याचा नियम आपल्या नियतकालिकांनी पाळला, तर एवढ्यानेही पुष्कळ साधेल.