शॉकपची मैफल

आमच्या मोटारीला खड्डे दाखवावे लागत नाहीत, ती ते स्वतःच हुडकून काढते. बारा वर्षांची झाल्यापासून तर खड्ड्यात उतरताना 'धडाड' आणि वर येताना 'कुर्रर्र' असे दोन स्वरही लावू लागली होती. माझ्या कानांना त्याची सवय झाली होती. पण दिवाळीला वाईला जायचा विषय निघाला आणि आईने जाहीर केले, "तुम्ही व्हा पुढे गाडीने. मी आपली एसटीनं येते."

पंचाहत्तरी ओलांडलेल्या आईला मुलाच्या मोटारीपेक्षा एसटी मऊ वाटावी, याहून कठोर परीक्षण मी तरी कुठे वाचलेले नाही. मी ते मनावर घेतले. खिशात १२,००० रुपये होते, तेही घेतले.

पहिल्या दुकानात गाडीकडे न बघताच निकाल लागला. "साहेब, पूर्ण सेट बदलू. ४५,०००. गाडी तीन बोटं खाली येईल." आता आमची गाडी खाली जाण्यासाठी वेगळा खर्च कशाला? नगरपालिकेचे रस्ते ते काम फुकट करतात. दुसऱ्याने १,५०० रुपयांत स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे तुकडे कोंबून दिले. गाडी उंच झाली खरी, पण आई बसून बघते तो काय, "अरे, हा टांगा कधी घेतलास?" चुकले कुठे ते नंतर कळले. जेवढी वेटोळी रबराने जखडली तेवढी स्प्रिंग कडक झाली. गवई बेसूर होतो म्हणून त्याचा गळाच आवळण्यातला हा प्रकार!

समीक्षेला सिद्धान्त लागतो, तो असा. 'शॉकअॅब्सॉर्बर' हे नावच मुळी फसवे आहे. धक्का गिळते ती स्प्रिंग. पण गिळलेला धक्का तिला पचत नाही, तो ती उसळ्या मारमारून परत करते. या उसळ्या थांबवायचे काम शॉकपचे. त्याच्या पोटातले तेल बारीक भोकांतून ढकलले जाते आणि उसळीची उष्णता होऊन जाते. थोडक्यात, स्प्रिंग ही तान घेणारी गायिका आणि शॉकप हा तिला समेवर आणणारा तबलजी. तबलजी थकला की तान संपतच नाही. गाडीचा एक कोपरा जोरात दाबून सोडावा. एकदा वर येऊन ती स्थिर झाली तर ठीक. आमची मात्र बराच वेळ मान डोलवत 'हो हो' म्हणत राहिली. आणि तो 'धडाड'? तो बुशांचा. मागे तंबोरा धरून बसलेल्या शिष्यासारखे हे रबराचे बुश. त्यांचे नाव कुणी घेत नाही, पण ते झिजले की लोखंडावर लोखंड आपटते.

स्वस्तात आराम मिळत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला देतो. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात सिट्रोएनने '२ सीव्ही' मांडली. गाडी शेतकऱ्याला परवडणारी. अट अशी, की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडे फुटता कामा नये. त्यासाठी त्यांनी स्प्रिंग मऊ ठेवली आणि चाकाला वरखाली व्हायला भरपूर जागा दिली. आमच्याकडे अंडी नव्हती, आईचे मणके होते.

मग रबरे काढून टाकली आणि गल्लीतल्या मिस्त्रीकडे गेलो. पुढचे दोन्ही शॉकप (ते जोडीनेच बदलायचे असतात), खालच्या आर्मचे बुश, लिंक रॉड, शेवटी अलाइनमेंट. एवढ्यात पैसे संपले. मतभेद एकच झाला. गाडी जॅकवर लटकत असतानाच तो बुशांचे बोल्ट आवळत होता. मी म्हटले, "मिस्त्री, चाकं जमिनीवर टेकवून आवळा. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं."

"साहेब, पुस्तक वाचून आलात वाटतं?" असे म्हणत त्याने बोल्ट पुन्हा ढिले केले. जाता जाता हवा तपासली. दाराजवळच्या चिकटपट्टीवर ३० लिहिलेले, टायरात ४०! ही दुरुस्ती फुकट झाली.

प्रयोगात उणिवा नाहीत असे नाही. मागचे शॉकप जुनेच आहेत, त्यामुळे मागच्या बाकावरून अधूनमधून वेगळाच ताल ऐकू येतो. पण 'धडाड' गेला, 'कुर्रर्र' गेला. आईला आग्रहाने पुढे बसवले. खंबाटकी ओलांडली, सुरूरला वळलो, तरी शेजारून शब्द नाही. भीत भीत पाहिले, तर आईला चक्क डोळा लागला होता.

वाईत ती जागी झाली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आलं होय? रस्ता छान केलाय हो यंदा!"

मी काही बोललो नाही. तबलजीने टाळीची अपेक्षा करू नये.