मेळावा आणि पवारणा : सोलापूरच्या संदर्भात एक विचार

साहित्य मेळावा हा आंबेडकरी समाजाच्या सांस्कृतिक जीवनाचा एक स्थिर भाग झालेला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी, तालुक्याला, क्वचित एखाद्या विहाराच्या सभागृहात तो भरतो. त्याचा क्रम आता सर्वांच्या परिचयाचा आहे. तथागतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पांजली, वंदना, स्वागतगीत, मान्यवरांचे सत्कार, अध्यक्षीय भाषण, दुपारी परिसंवाद, सायंकाळी कविसंमेलन आणि शेवटी ठराव. अलीकडे या क्रमात लेखकांचे अभिवाचन आणि नवोदितांसाठी लेखन कार्यशाळा या दोन गोष्टींची भर पडली आहे. ही भर स्वागतार्ह आहे. परंतु ती कोणत्या दृष्टीने पडली आहे आणि तिच्यामुळे मेळाव्याचे स्वरूप बदलते आहे की केवळ कार्यक्रमपत्रिका लांबते आहे, याचा विचार झाला पाहिजे. प्रस्तुत लेखात हा विचार सोलापूरच्या संदर्भात करावयाचा आहे.

प्रथम आपल्या मेळाव्याचा वंश ध्यानात घेऊ. मराठी ग्रंथकारांची पहिली सभा १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने भरली. १८८५ साली पुन्हा सभा भरविण्याचे ठरले, तेव्हा तिचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांनी नाकारले. जे माणसांचे हक्क मान्य करीत नाहीत त्यांच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. या नकारानंतर बहात्तर वर्षांहून अधिक काळ लोटला आणि २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णाभाऊ साठे यांनी केले. पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' या नियतकालिकाच्या वतीने जे मेळावे भरविले त्यांना त्यांनी 'लेखक-वाचक मेळावा' असे नाव दिले. हे नाव विचारपूर्वक दिलेले आहे. त्यात लेखकाच्या बरोबरीने वाचकाला स्थान आहे. आजच्या मेळाव्यात हे स्थान किती उरले आहे, हा पहिला प्रश्न होय. समोरच्या खुर्च्यांवर बसलेला माणूस आज श्रोता असतो. त्याने टाळ्या द्याव्यात अशी अपेक्षा असते. त्याने पुस्तक वाचून यावे अशी अपेक्षा सहसा नसते.

सोलापूर शहराने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा पाहिले. १९४१ साली वि. स. खांडेकर अध्यक्ष होते, तर २००६ साली याच शहराचे सुपुत्र मारुती चितमपल्ली. शहराच्या वाङ्मयीन इतिहासात या दोन घटनांना मान आहे. मात्र आपल्या दृष्टीने सोलापूरच्या वाङ्मयीन इतिहासाचा आरंभ याहून आधी आणि याहून साध्या जागी झालेला आहे. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे, तसेच वाचनालये, सामाजिक केंद्रे व अभ्यासमंडळे काढून संस्कृतीचा प्रसार करणे हे तिच्या उद्दिष्टांत होते. त्यानुसार जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. त्याची व्यवस्था जिवाप्पा ऐदाळे यांनी पाहिली. राहणे, जेवण, कपडे व लेखनसाहित्य यांची सोय सभा करीत असे आणि सोलापूर नगरपालिकेने ४० रुपयांचे अनुदान दिले होते. धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात याच संदर्भात आणखी एक लहानशी नोंद केली आहे. या विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे एक मासिक सुरू केले.

चरित्रकाराने एका वाक्यात सांगितलेली ही गोष्ट आपल्या समीक्षेने फारशी मनावर घेतलेली नाही. 'मूकनायक' १९२० सालचे आणि 'बहिष्कृत भारत' १९२७ सालचे. या दोहोंच्या मधल्या काळात सोलापुरातील विद्यार्थी मासिक काढीत होते. त्यांच्यासमोर व्यासपीठ नव्हते, सत्कार नव्हता. होते ते डोक्यावर छप्पर, दोन वेळचे अन्न, कागद, शाई आणि आपण लिहिलेले वाचणारे सोबती. लेखन कार्यशाळेला ज्या गोष्टी लागतात त्या सर्व यात आल्या. म्हणून कार्यशाळा ही बाहेरून आणलेली नवी कल्पना आहे, असे समजण्याचे कारण नाही. अभ्यासमंडळ हा शब्द सभेच्या उद्दिष्टांतच होता.

या मासिकाच्या नावाने आजचा वाचक थोडा थबकेल. ते स्वाभाविक आहे. जानेवारी २०२१ मध्ये कवी यशवंत मनोहर यांनी विदर्भ साहित्य संघाचा जीवनव्रती पुरस्कार, व्यासपीठावर सरस्वतीची प्रतिमा असणार म्हणून, नाकारला. त्याच वर्षी मार्च महिन्यात सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर गावचे डॉ. शरणकुमार लिंबाळे यांना 'सनातन' या कादंबरीसाठी सरस्वती सन्मान जाहीर झाला. एकाने प्रतीकामुळे पुरस्कार नाकारला, दुसऱ्याने सनातनी व्यवस्थेची चिकित्सा करणाऱ्या कादंबरीसाठी त्या नावाचा सन्मान स्वीकारला. या दोन घटनांवरून बाजू घेण्याची घाई पुष्कळांनी केली. १९२५ सालच्या विद्यार्थ्यांचा विचार केला तर ही घाई कमी व्हावी. ज्यांना विद्येचा अधिकारच नाकारला होता त्यांनी विद्येच्या देवतेचे नाव आपल्या मासिकाला दिले, ते भक्तीने दिले की हक्क बजावण्यासाठी, हे केवळ नावावरून ठरविता येणार नाही. १९५६ च्या धर्मांतराने आपल्याला जे प्रतीकभान दिले ते त्यांच्यावर मागे नेऊन लादणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु हे भान आल्यानंतर आज प्रतीक निवडताना आपल्यावर जी जबाबदारी येते ती टाळताही येणार नाही. मनोहरांच्या नकाराचे मोल तेथे आहे.

आता प्रत्यक्ष वाङ्मयाकडे वळू. सोलापूर जिल्ह्याशी निगडित दोन आत्मकथने येथे समोर ठेवतो. लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली आले, तेव्हा लेखकाने तिशी ओलांडलेली नव्हती. शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ साली ग्रंथरूपाने आले. शांताबाईंचा जन्म याच जिल्ह्यातील महूदचा. १९४२ पासून त्यांनी शिक्षिकेची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यानंतर त्यांची लेखणी चालू झाली. एका पुस्तकात तारुण्यातील प्रश्न आहे : माझे गाव कोणते, माझी जात कोणती, माझा बाप कोण? दुसऱ्या पुस्तकात आयुष्य पार पाडलेल्या स्त्रीची शांत, तपशीलवार आठवण आहे. पहिल्याची ताकद प्रश्नांच्या उघडेपणात आहे. दुसऱ्याची ताकद घरकाम, भूक, शाळा आणि संसार यांच्या बारीक नोंदींत आहे. आपल्या मेळाव्यातील वातावरणाला पहिला सूर लवकर रुचतो. दुसरा सूर व्यासपीठावरून वाचला तर टाळ्या कमी पडतील. म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. टाळ्यांवरून वाङ्मयाचा निवाडा करणारा मेळावा शांताबाईंसारख्या लेखिकेला ओळखू शकणार नाही, ही भीती खरी आहे.

येथे कोणी म्हणेल की या दोघांनी कोठल्या कार्यशाळेत शिक्षण घेतले होते? लेखक अनुभवाने घडतो, शिकवून घडत नाही. या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. अनुभव तर वस्तीतील प्रत्येकाजवळ होता. पुस्तके मोजक्यांनी लिहिली. शाळा, नोकरी, वाचायला मिळालेली नियतकालिके, आपल्या आधी लिहिलेल्यांचे धाडस आणि लिहिलेले छापणारे संपादक यांनी तो फरक घडविला. ही सामग्री ज्यांना सहज लाभत नाही त्यांच्यापर्यंत ती पोचविणे, एवढेच कार्यशाळेचे काम आहे.

ते काम नीट होण्यासाठी दोन गोष्टींचा विचार अत्यावश्यक वाटतो आणि त्या दोन्हींसाठी आपल्याला आपल्याच परंपरेकडे जाता येते.

पहिली गोष्ट भाषेची. सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू यांच्या संगमाचे शहर आहे. अक्कलकोटकडच्या मराठीत कन्नडचे वळण येते, सांगोल्याकडची बोली वेगळी. शांताबाईंच्या पुस्तकाच्या शीर्षकातच 'माज्या' आणि 'जल्म' हे बोलीतील शब्द आहेत. नवोदिताच्या लेखनातील असे शब्द 'शुद्ध' करून देणे हेच मार्गदर्शन, असे मानणारे मार्गदर्शक पुष्कळ असतात. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात यमेळु व तेकुल या दोन भिक्खूंची कथा आहे. ते ब्राह्मण कुळातील आणि उत्तम वाणीचे होते. नाना कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवितात, तेव्हा ते छंदस् भाषेत बांधावे, अशी त्यांनी विनंती केली. तथागतांनी ती अमान्य केली आणि बुद्धवचन 'सकाय निरुत्तिया' शिकण्याची अनुज्ञा दिली. या शब्दांचा अर्थ बुद्धघोषाचार्य मागधी भाषा असा करतात, तर बहुतेक आधुनिक अभ्यासक आपापली भाषा असा करतात. कोणताही अर्थ घेतला तरी अभिजनांच्या भाषेला दिलेला नकार स्पष्ट आहे. जी परंपरा बुद्धवचनासाठीही संस्कारित भाषेचा आग्रह धरीत नाही, तिच्या वारसांनी सांगोल्याच्या मुलीच्या कथेतील 'जल्म' खोडून 'जन्म' करू नये.

दुसरी गोष्ट समीक्षेची. मेळाव्यात नवोदिताने वाचलेल्या कवितेवर कोणी बोलत नाही. बोलले तर गौरवाचेच बोलतात. यामागे एक समजूत आहे : ही वेदना आहे, वेदनेला समीक्षा लावू नये. वरकरणी ही समजूत सहृदय वाटते. प्रत्यक्षात तिने दोन प्रकारचे नुकसान होते. कवीला आपल्या कवितेतील शब्द दुसऱ्याच्या कवितेतून आलेले आहेत हे कळत नाही. सूर्य, मशाल, ज्वाला, वणवा हे शब्द पिढ्यान्पिढ्या हातोहात फिरत राहतात आणि त्याची स्वतःची वस्ती कवितेत येतच नाही. आणि आत्मकथन लिहिणाऱ्याला कोणी विचारीत नाही की यातील आई, आजी, शेजारीण जिवंत आहेत. त्यांचे दुःख चारचौघांत मांडताना त्यांना विचारले आहे काय? हा प्रश्न सौंदर्याचा नाही, शीलाचा आहे. तो कार्यशाळेतच विचारला गेला पाहिजे, कारण छापल्यानंतर त्याचे उत्तर देऊन उपयोग नसतो.

भिक्खुसंघात वर्षावासाच्या अखेरीस पवारणा होते. तीन महिने एकत्र राहिल्यानंतर प्रत्येक भिक्खू संघाला विनवितो की, माझ्याविषयी जे पाहिले, ऐकले वा शंकिले असेल ते अनुकंपेने सांगावे, दोष दिसला तर मी सुधारीन. आरंभ ज्येष्ठापासून होतो. संयुत्तनिकायाच्या वंगीस-संयुत्तात अशा एका पवारणेचे वर्णन आहे. सावत्थीच्या पूर्वारामात स्वतः तथागत संघाला विचारतात की, माझ्या काया-वाचेत निंदनीय असे काही तुम्हांस दिसते काय? सारिपुत्त उत्तर देतात. त्यानंतर वंगीस थेर अनुमती मागून गाथा म्हणतो. वंगीस हा संघातील कवी. येथील क्रम अर्थपूर्ण आहे : प्रथम दोष दाखविण्याचे आवाहन, मग काव्य. याच संयुत्तात, आपल्या प्रतिभेच्या गर्वाने इतर भिक्खूंना तुच्छ लेखल्याचा वंगीसाला झालेला पश्चात्तापही आलेला आहे.

आपल्या कार्यशाळेला याहून चांगला नमुना सापडणार नाही. आज कार्यशाळेत ज्येष्ठ लेखक बोलतो आणि कनिष्ठ टिपून घेतो. त्याऐवजी ज्येष्ठाने आपले अप्रकाशित, अपुरे लेखन प्रथम वाचावे आणि नवोदितांना त्यातील उणिवा विचाराव्यात. एकदा हे घडले की नवोदिताला आपल्या लेखनावरची टीका अपमान वाटणार नाही. अशी बैठक शेकडोंची असू शकत नाही. दहाबारा जणांची असावी. एका दुपारीही ती संपू नये. काही महिन्यांच्या अंतराने तीच माणसे, तेच लेखन सुधारून घेऊन, पुन्हा जमावीत. विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या सोलापूरच्या माणसांना तिला येता यावे म्हणून तिची वेळ त्यांच्या सुट्टीवरून ठरावी, पाहुण्याच्या गाडीवरून नव्हे. थेरीगाथांचा गौरव आपण प्रत्येक भाषणात करतो. त्या स्त्रियांना संघाने बसायला जागा आणि ऐकणारे सोबती दिले होते, याचा विसर पडू नये. विहार वस्तीत असतो. वस्तीतल्या बाईला पायी येता येईल अशी दुसरी जागा शहरात सहसा नसते.

मेळावे बंद करावेत, असे येथे सुचवायचे नाही. हजारो माणसांनी एकत्र येऊन पुस्तकाच्या नावाने दोन दिवस घालविणे ही आपल्या समाजाची कमाई आहे. ग्रंथविक्रीच्या टेबलांभोवतीची गर्दी खोटी नसते. परंतु मेळावा हे पिकाच्या राशीभोवतीचे जमणे आहे. पेरणी अन्यत्र आणि आधी झालेली असली पाहिजे. १९२५ सालच्या सोलापुरात मेळावा नव्हता, तरी पेरणी झाली. त्या विद्यार्थ्यांनी मासिक काढले, म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा लिहिण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. पुढील मेळाव्याच्या आयोजकांनी ठरावांच्या यादीत एक साधा ठराव घालावा : समारोपानंतर महिन्याने, याच शहरातील एका विहारात, कार्यशाळेतील माणसे आपले सुधारलेले लेखन घेऊन पुन्हा बसतील. त्या दिवशी हार नसतील आणि ध्वनिक्षेपकाची गरज पडणार नाही. तेथे किती जण येतात यावरून आपल्याला आपल्या मेळाव्याचे खरे यश मोजता येईल.