राजांची चित्रे आणि निनावी माणसे

गोवळकोंड्याच्या चित्रकलेविषयी आपण लिहितो ते रंगांच्या तेजाविषयी आणि रेषेच्या नजाकतीविषयी. ती चित्रे कोणत्या वाटेने परदेशी गेली, हा प्रश्न रसिकाला सहसा पडत नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये निकोलास वित्सेन याचा एक चित्रसंग्रह आहे. इ. स. १६८६ च्या सुमारास गोवळकोंड्यात सिद्ध झालेल्या या संग्रहात हिंदुस्थानातील राजपुरुषांची चित्रे आहेत. वित्सेन हा त्या नगरीचा नगराध्यक्ष, आणि पुढे डच ईस्ट इंडिया कंपनीचा संचालकही झाला. याच कंपनीने सतराव्या शतकात दुष्काळाने व युद्धांनी गांजलेली कोरोमंडल किनाऱ्यावरची माणसे विकत घेऊन बटाव्हियाला नेली. चित्रांतले राजे नावानिशी टिकले. या माणसांची मूळ नावे बहुधा पुसली गेली आणि दप्तरात ‘कोरोमंडलचा’, ‘बंगालचा’ एवढी ओळख उरली.

त्याच संग्रहालयाने २०२१ साली गुलामगिरीवर भरविलेल्या प्रदर्शनाचे महत्त्व यामुळेच जाणवते. दहा व्यक्तींच्या कथांतून तेथे हा इतिहास मांडला होता. त्यांतील एका कथेचे नावच ‘व्हान बेंगालन’, म्हणजे बंगालचा. रेम्ब्रांटने १६३४ साली रंगविलेले ऊप्यन कॉपिट हिचे चित्र येथे साखरेच्या व्यापारातील संपत्तीची साक्ष देत होते. कागदपत्रे मालकांची असल्यामुळे गाणी आणि मौखिक परंपरा यांनाही पुराव्याचा मान मिळाला. या योजनेत एक उणीव राहते. निवडलेल्या दहांना चेहरा लाभतो, पण नोंदवहीतील एका ओळीपुरते उरलेले असंख्य जीव पुन्हा मागेच राहतात. तरीही डच राजाने क्षमा मागितली ती १ जुलै २०२३ रोजी. कलेच्या दालनात हा प्रश्न त्यापूर्वीच उभा राहिला होता, हे विसरता येत नाही.

हैदराबादकरांना हा विषय परका वाटू नये. निजामाच्या आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्‌सवरून ज्या वस्तीला ‘ए. सी. गार्ड्‌स’ हे नाव पडले, तेथील सिद्दी डच जहाजांतून आलेले नव्हेत. परंतु मायभूमीपासून तुटल्याची स्मृती त्यांच्याही वंशकथेत आहे. सिद्दी आणि अरब यांच्या परंपरेतून आलेला मरफा लग्नाच्या वरातीत घुमतो, तेव्हा आपण ताल धरतो आणि पुढे जातो. त्या तालामागची माणसे कोठून आली, हे विचारणे रसग्रहणाच्या कक्षेबाहेरचे मानण्याची आपल्याला सवय झाली आहे.

ती सवय शिक्षकांनी तरी मोडावी. गोवळकोंड्याचे चित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवताना त्याच्या रंगांइतकाच त्याचा प्रवासही सांगावा. त्याने चित्राचे सौंदर्य उणावणार नाही; पाहणाऱ्याची दृष्टी मात्र अधिक प्रामाणिक होईल.