घराची मितसज्जा

ग्रंथांचें परीक्षण करणाऱ्या मासिकानें दिवाणखान्याचें परीक्षण कां करावें, असा प्रश्न कांहीं वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, अभिरुचि ग्रंथाच्या पानावर जशी दिसते तशीच ती घराच्या भिंतीवरहि दिसते. आणि भिंतीसमोर मनुष्य ग्रंथापेक्षां अधिक काळ बसलेला असतो. नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोड या भागांतील नव्या इमारतींतून सजावटीची एक तऱ्हा अलीकडे रूढ होत आहे. पांढऱ्या किंवा राखी भिंती, मुठी नसलेलीं कपाटें, एक बुटका सोफा, कोपऱ्यांत एक रोप, आणि बाकी सर्व मोकळें, असें तिचें रूप आहे. या तऱ्हेस मिनिमलिझम म्हणतात. आम्ही या लेखापुरतें 'मितसज्जा' म्हणूं.

या तऱ्हेच्या बाजूनें जें म्हणण्यासारखें आहे, तें प्रथम मान्य केलें पाहिजे. थोडक्यांत पुष्कळ सांगणें हा आमच्या वाङ्मयाचा जुना आदर्श आहे. सूत्रांतील अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणास मुलगा झाल्याचा आनंद होतो, असें शास्त्री लोक सांगत आले. परंतु त्या आनंदाचें कारण लक्षांत घ्यावें. सूत्र लहान असतें, कारण त्यांत अर्थ दाटून भरलेला असतो. ज्यास सांगावयाचें कांहींच नाहीं त्याचेंहि बोलणें लहानच असतें. म्हणून दोघांस एका पंक्तीस कोणी बसवीत नाहीं. मितसज्जेची परीक्षा करतांना हाच भेद आम्ही पुढें ठेवतों. या खोलींत वस्तु थोड्या आहेत त्या पुष्कळ काम करतात म्हणून, कीं येथें कोणी राहतच नाहीं असें पाहुण्यास भासावें म्हणून?

या तऱ्हेचें कुळ युरोपांतलें सांगतात, आणि तें बऱ्याच अंशीं खरें आहे. व्हिएन्नाचे वास्तुविशारद आडोल्फ लोस यांनीं १९१० च्या सुमारास नक्षीची तुलना गुन्ह्याशीं करणारें एक व्याख्यान दिलें. त्यांतील मुख्य मुद्दा आज विसरला गेला आहे. नक्षी करणाऱ्या कारागिराचे श्रम वायां जातात, त्याला मोबदला पुरेसा मिळत नाहीं, आणि वस्तु झिजण्यापूर्वींच तिची नक्षी जुनी ठरून ती टाकली जाते, अशी त्यांची तक्रार होती. म्हणजे हा वाद सौंदर्याइतकाच न्यायाचा आणि काटकसरीचा होता. पुढें वीस वर्षांच्या आंत काय झालें पाहा. १९२९ सालीं बार्सिलोनाच्या प्रदर्शनांत मीस व्हान डेर रोहे यांनीं जर्मनीचा मंडप उभारला. त्यांत नक्षी नाहीं, पाण्याच्या कुंडांत एकच पुतळा. पण भिंती ऑनिक्सच्या आणि हिरव्या संगमरवराच्या! मंडप सुंदर होता याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण काटकसरीच्या नांवानें निघालेली गोष्ट चैनीच्या घरीं पोंचली होती. आज नाशकांत कपाटाची मूठ काढून टाकल्यावर तें दार दाबतांच उघडावें म्हणून निराळी कळ बसवावी लागते आणि तिचे पैसे निराळे मोजावे लागतात, ही त्याच कथेची धाकटी आवृत्ति होय.

आमच्याकडे तर मोकळी खोली मुळींच नवी नव्हे. जुन्या नाशकांतील वाड्यांच्या दिवाणखान्यांत बैठक, लोड आणि तक्के यांपलीकडे सामान क्वचितच असे. माजघरांत पाट मांडले कीं तें जेवणघर होई; रात्रीं अंथरुणें पसरलीं कीं तेंच निजण्याचें घर. हें साधत असे तें जाड भिंतींमुळें. त्यांच्या पोटांत कोनाडे आणि फडताळें असत, पाठीशीं कोठीची खोली असे आणि डोक्यावर माळा. जपानांतील ज्या घरांचा दाखला आमचे सजावटकार उठतां बसतां देतात, त्यांची गोष्टहि निराळी नाहीं. तेथील संपन्न घरांस लागून 'कुरा' नांवाचें कोठार असे. ऋतु पालटला कीं 'तोकोनोमा' या कोनाड्यांतलें चित्र बदलावयाचें आणि बाकीचीं चित्रें कोठारांत ठेवावयाचीं, अशी वहिवाट होती. तात्पर्य, मोकळी खोली ही भरलेल्या कोठीच्या जोरावर मोकळी राहत असते. फ्लॅटच्या चार-सहा इंची भिंतींत कोनाडा येणार कोठून? तेव्हां तेथें मोकळेपणाचे मार्ग दोनच उरतात. एक वस्तु लपविणें, आणि दुसरा त्या टाकून देणें.

यांपैकीं दोन्ही मार्ग आम्हीं एकाच घरीं पाहिले. आमचे एक स्नेही भांडी बाजाराजवळचा आपला जुना वाडा सोडून गंगापूर रोडवर राहावयास गेले. नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांचा लौकिक जुना आहे. तांबट लेन आणि भांडी बाजार हीं नांवेंच त्याची साक्ष देतात. स्नेह्यांच्या वाड्यांतील तांब्याचें घंगाळ, बंब आणि पितळी हंडे वजनावर मोडींत गेले. नव्या दिवाणखान्यांत मात्र एका लांब मेजावर एकुलतें एक घंगाळ ठेवलेलें दिसलें. तें सजावटकारानें दुकानांतून निवडून आणलेलें होतें, आणि त्याचा भाव मोडीच्या भावाच्या कितीतरी पट होता. त्यांत पाणी कधीं पडणार नव्हतें. आम्हीं याविषयीं थोड्या आवेशानेंच बोललों. तेव्हां चहा घेऊन आलेल्या वहिनी शांतपणें म्हणाल्या, "भावजी, तुम्हांला तें घंगाळ आठवतें, मला त्याला लावलेली चिंच आठवते. तीस वर्षें मीच घासलें आहे तें."

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि तें आजहि पुरतें सांपडलेलें नाहीं. जुन्या घरांच्या शोभेविषयीं लिहिणारे आम्ही पुरुष ती शोभा कोणाच्या हातांनीं टिकत होती हें सहसा लिहीत नाहीं. थोड्या वस्तु, थोडी धूळ आणि थोडें घासणें हा मितसज्जेचा सर्वांत बळकट आधार आहे, आणि तो लोस यांच्या मूळ तक्रारीशीं जुळणाराहि आहे. परंतु त्याच संध्याकाळीं दुसरी एक गोष्ट घडली. स्नेह्यांच्या मातोश्री आंतून आल्या आणि भिंतभर पसरलेल्या त्या गुळगुळीत कपाटांकडे पाहत उभ्या राहिल्या. "दिवेलागण झाली रे," त्या म्हणाल्या, "समई यांतल्या कोणत्या दारामागें आहे? सगळीं दारें सारखींच दिसतात." सुनेचे श्रम ज्या घरानें वांचविले, त्याच घरानें सासूस परकें केलें होतें. या दोन वाक्यांच्या मध्यें या तऱ्हेचा खरा प्रश्न उभा आहे.

रितेपणाचा नाशकांतील सर्वांत जुना नमुना म्हणजे पांडवलेणीं. त्या घरून निघाल्यावर आमच्या मनांत तींच घोळत राहिलीं. दहाव्या लेण्यांत मधल्या मंडपाभोंवतीं भिक्षूंच्या कोठड्या आहेत. प्रत्येक कोठडींत निजण्यापुरता दगडी ओटा; बाकी कांहीं नाहीं. याहून मित घर कोणता सजावटकार देईल? पण त्याच लेण्यांतील नहपानाचा जांवई उषवदात याचा प्राकृत शिलालेख वाचावा. त्यानें लेणें तर दिलेंच, शिवाय तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. पैकीं दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक आणि उरलेल्या एक हजारावर पाऊण असें व्याज ठरलें. मुद्दल परत करावयाचें नाहीं; व्याज तेवढें वापरावयाचें. पहिल्या व्याजांतून, वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंस वस्त्रासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण द्यावयाचे. दोन हजारांचें वर्षाचें व्याज दोनशें चाळीस आणि वीस बारें दोनशें चाळीस. हिशेब तंतोतंत जुळतो. हें गोवर्धन म्हणजे गंगापूर रोडनेंच पुढें गेल्यावर लागणारें गांव, असें मानतात.

या शिलालेखांतून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, रित्या कोठडीमागें विणकरांचे माग होते, आणि ती गोष्ट झांकलेली नव्हती. सर्वांस वाचतां यावी म्हणून दगडांत कोरलेली होती. दुसरी ही कीं, लेणें कोरणाऱ्यांस नक्षीचें वावडें नव्हतें. ओसरीचे खांब पाहा. त्यांचे पाये कलशासारखे आहेत आणि शिरोभागीं प्राणी कोरलेले आहेत. एकट्याच्या कोठडींत संयम आणि सर्वांच्या ओसरीवर शोभा, अशी ही वांटणी आहे. आमच्या नव्या इमारतींत ती उलटी झालेली दिसते. दाराच्या आंत एकेक वस्तु मोजून ठेवलेली असते, आणि जिन्यावर चपलांचा ढीग आणि वाळून गेलेली कुंडी!

महाराष्ट्रांतील अलीकडच्या काळांतलें सर्वांत साधें घर म्हणून सेवाग्रामची बापूकुटी सांगतां येईल. गांधीजी १९३६ सालीं त्या गांवीं राहावयास गेले. तेथें बसण्यास चटई आहे आणि लिहिण्यास बुटकें मेज. पण त्या मातीच्या भिंतीवर मीराबेननें मातीचींच ताडाचीं झाडें आणि चरखा उठविलेला आहे. ज्या घरांत वस्तूंची गरज खरोखरच संपली होती, तेथें कोणीतरी प्रेमानें काढलेल्या झाडाची भीति कोणास वाटली नाहीं.

तेव्हां मितसज्जा वाईट, असा निकाल आम्ही देत नाहीं. लहान घरांत, लहान कुटुंबांत आणि स्त्रीपुरुष दोघेंहि कामावर जात असतां ती पुष्कळदां योग्यच आहे. आमचा आक्षेप आहे तो रितेपण विकत आणून मांडण्यास. घरांत काय ठेवावें हें पाहुण्याच्या नजरेवरून न ठरवितां, तें कोण वापरतें आणि कोण घासतें यावरून ठरवावें. घंगाळास घासणारे हात नसतील तर तें खुशाल मोडींत जावें. मग शोभेसाठीं दुसरें आणूं नये. आणि जी वस्तु रोज हातीं लागते तिला दाराआड कोंडूं नये.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं एवढेंच सुचविलें कीं, त्या लांब भिंतीवरील एका कपाटाचें दार काढून टाकावें आणि तेथें समई राहील एवढी जागा उघडी ठेवावी. सजावटकारास तें मान्य नाहीं. रेषा तुटते, असें त्यांचें म्हणणें. वहिनींनीं मात्र दार काढण्यासाठीं सुतारास बोलावलें आहे, असें परवांच कळलें.